सात वाजताची खिडकी

आमच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा मी घड्याळाला नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी टीव्हीचा रिमोट चालेना, तेव्हा नवऱ्याला ठेवली. तिसऱ्या दिवशी मुलीची बोलणारी बाहुली मुकी झाली, तेव्हा मात्र मला शंका आली. मी खिडकीतल्या मेणबत्त्या एकेक करून उलट्या केल्या आणि त्यांच्या बुडाची झाकणं उघडली. घड्याळाचा सेल एकीत, रिमोटचे दुसरीत, बाहुलीचे तिसरीत. चोर घरातलाच होता, सत्तरी ओलांडलेला होता, आणि पलंगावर बसून चहात टोस्ट बुडवून खात होता.

"आप्पा, सेल तुम्ही काढले?" मी ओरडले. आमच्या घरात आप्पांशी ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे मी रागावलेय की नाही हे त्यांना कधी कळत नाही. माझ्या संसारातला हा मोठाच तोटा आहे.

"हां," ते म्हणाले. "घड्याळ कसाले पाहिजे? सात वाजनात का माले आपेआप समजस."

यापुढे काय बोलणार? पण मनातून धुमसत होते, कारण प्रश्न सेलचा नव्हता, माझ्या मेणबत्त्यांचा होता.

त्या मेणबत्त्या म्हणजे सेलवर चालणाऱ्या. वर प्लास्टिकची पिवळट ज्योत, खाली बटण. कुठल्याशा बर्फाच्या देशातली घरं मी मोबाइलवर पाहिली होती. दर खिडकीत मेणबत्ती, बाहेर अंधार, आत उजेड. सुरतेत, आमच्या लिंबायतच्या गल्लीत बर्फ कुठून यायचा, पण खिडक्या तर आहेत, असं म्हणून दिवाळीच्या आधी चौटा बाजारातून डझनभर घेऊन आले. आणि मला दुसरा इलाजही नव्हता. मी घरी मशीनवर साड्यांना लेस लावते. सणाच्या तोंडावर बाहेरच्या खोलीत डोक्याइतके गठ्ठे लागलेले असतात, सगळा पॉलिस्टर माल. तिथे खिडकीत तेलाची पणती ठेवली आणि वाऱ्यानं एखादा पदर उडाला, तर होत्याचं नव्हतं व्हायचं. लग्न होऊन अकरा वर्षं झाली, पण दिवाळीला माझ्या खिडकीत दिवा म्हणून कधी लागला नव्हता. पणत्या खाली ओट्यावर, तिथेही शेजारी पाण्याची बादली. म्हणून मला या बारा मेणबत्त्यांचं फार अप्रूप होतं.

आमच्या तीन खिडक्या गल्लीकडे उघडतात. मी प्रत्येकीत चार मांडल्या, उंचीनुसार, मध्ये सारखं अंतर ठेवून. उरलेल्या सोनेरी लेसची झालर खालून लावली. संध्याकाळी बटणं दाबली की गल्लीतल्या बायका माना वर करून बघायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? दिवाळी संपली, देवदिवाळी झाली, तरी मी त्या काढल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या गुजराती काकींनी तर विचारलंच, "तुम्हारे में अभी से नाताल चालू?" मी म्हटलं, "चालू."

आता आप्पांचं सांगते. माझे सासरे, सुपडू आप्पा. शिंदखेड्याकडून एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आले आणि छत्तीस वर्षं पॉवरलूमवर उभे राहिले. उभे राहिले म्हणजे खरोखर उभे, रोजचे बारा तास. आठ लूम एका माणसाकडे. त्या खडखडाटात कान जातात, सगळ्यांचेच जातात, त्याची कुणी तक्रारही करत नाही. आप्पांचे पन्नाशीच्या आत गेले. मुलानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कानाचं यंत्र आणून दिलं. ते त्यांनी चार दिवस लावलं आणि काढून ठेवलं. म्हणाले, यात फक्त तुम्हा लोकांचं भांडण ऐकू येतं. यात खोटं काही नव्हतं.

लूमवर दोन पाळ्या असतात, सात ते सात. दिवसाचा माणूस वेगळा, रात्रीचा वेगळा, लूम मात्र तेच. अशा दोघांना जोडीदार म्हणतात. आप्पांचे जोडीदार हिलालबाबा, अमळनेरकडचे. एक जागा असताना दुसरा झोपलेला, एक घरी असताना दुसरा कामावर. एकतीस वर्षांची जोडी, पण भेट सकाळ-संध्याकाळ सातला, पाळी बदलताना, दहा मिनिटं. तीही लूमच्या आवाजात, जिथे तोंडाचा काही उपयोग नाही. म्हणून ते हातांनी बोलायचे. कारखान्यातले सगळेच थोडंफार बोलायचे, पण या दोघांनी त्याची पार भाषा केली. दोन बोटं कातरीसारखी उघडली की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की मास्तर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा. मूठ तळहातावर आपटली की लूम थांबव. आपल्या छातीवर बोट आणि मग खाली जमिनीकडे, म्हणजे मी उभा आहे, तू जा.

हिलालबाबांचं घर आमच्या अगदी समोर. दोघं एकाच वर्षी इथे राहायला आले, अर्थात ठरवूनच. त्यांची खिडकी आणि आमची मधली खिडकी समोरासमोर, मध्ये बारा-पंधरा फुटांची गल्ली. दोन वर्षांपूर्वी हिलालबाबा न्हाणीघरात पडले आणि कमरेतून अधू झाले. त्यांचा जिना लोखंडी आणि उभा. आप्पांचे गुडघे असे की आपलाच जिना ते आठवड्यातून एकदा उतरतात आणि पुढचे दोन दिवस त्याबद्दल कण्हतात. मग भेटायचं कसं? फोन दोघांनाही निरुपयोगी. मी एकदा मोबाइलवर चेहरे दाखवून बोलणं करून दिलं होतं, तर आप्पांनी मोबाइल कानाला लावला आणि पलीकडे हिलालबाबांना दहा मिनिटं आप्पांच्या कानातले केस दिसत राहिले. तेव्हापासून तो नाद सोडला. खिडकी बरी. रोज संध्याकाळी सातला आप्पा मधल्या खिडकीत, हिलालबाबा समोर, आणि दोघांचे हात चालू. पहिल्यांदा मी सासूबाईंना विचारलं होतं, "आई, हे काय करताहेत?"

"बोली राह्यनात," सरलाबाई म्हणाल्या. "लगीन व्हयनं तवयपाईन हाईच चालू शे. मनासंगे इतलं कधी बोलनात नही."

तर त्या मेणबत्त्या. सेल मी परत काढले, जिथले तिथे घातले आणि आप्पांना नवे आणून दिले. पण दोन दिवसांनी बघते तर स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या चारपैकी दोन गायब. त्या मधल्या खिडकीत जाऊन बसलेल्या. मी त्या उचलून जागेवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या मधल्या खिडकीत, आणि सोबत आणखी एक. असं आठ दिवस चाललं. मी ठेवायचे, ते उचलायचे. शेवटी एके दिवशी मी माल पोचवून घरी आले, तर दोन्ही बाजूच्या खिडक्या रिकाम्या आणि मधल्या खिडकीत बाराच्या बारा. त्याही नीट ओळीत नाहीत. अर्ध्या वर्तुळात. कडेच्या मेणबत्त्या माझ्या लेसच्या दोऱ्याच्या रिकाम्या कोनांवर, म्हणजे पुठ्ठ्याच्या निमुळत्या रिळांवर, उंच चढवलेल्या, मधल्या खाली, आणि माझी सोनेरी झालर गुंडाळून बाजूला फेकलेली.

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. घरात मला माझी म्हणून एक वस्तू नाही, अकरा वर्षं मी तुमच्या सणाला अंधारी खिडकी बघितली, तुम्हाला शोभा काय कळते, असं सगळं. आप्पांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. ते माझ्या हातांकडे बघत होते. मी बोलत बोलत मेणबत्त्या उचलल्या, चार-चार करून तीन खिडक्यांत मांडल्या, झालर पुन्हा चिकटवली.

"त्याले मना हात दिखतस नही," आप्पा एवढंच म्हणाले. मी लक्ष दिलं नाही.

त्या दिवशी सातला ते नेहमीप्रमाणे खिडकीशी गेले. मी मशीनवर बसले होते, पण रागात माणसाचं लक्ष कामावर नसतं, त्यामुळे मी बघत राहिले. समोर हिलालबाबा आले. त्यांनी डोळे बारीक केले. गजाला कपाळ टेकवून पुढे झाले. आप्पांनी हात केले, त्यांनी उत्तर दिलं नाही. आप्पांनी पुन्हा केले, जरा मोठे. हिलालबाबांनी डोळे चोळले, मान हलवली आणि खिडकीचं दार ओढून घेतलं. आप्पा मात्र थांबले नाहीत. बंद खिडकीसमोर त्यांचे हात चालूच होते. मग हळूहळू खाली आले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आप्पांच्या मागे आमची ट्यूबलाइट. समोरून बघणाऱ्याला ते म्हणजे नुसती काळी सावली. धड नजरेच्या माणसाला त्यातही हात दिसतील, पण हिलालबाबांची नजर धड राहिली नव्हती. म्हणून समोरून, दोन्ही बाजूंनी, खालून उजेड हवा. म्हणून ते अर्धं वर्तुळ आणि म्हणून ते कोन. जसजशी त्यांची नजर कमी होत होती तसतशी आप्पांची एकेक मेणबत्ती वाढत होती. आणि मी रोज ती उचलून शोभेला ठेवत होते.

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून आधी पाणी प्यायले. मग बारा मेणबत्त्या गोळा केल्या आणि आप्पांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या घेतल्या, आणि चेहऱ्यावर काहीही न दाखवता म्हणाले, "कोन बी दे."

दुसऱ्या दिवशी मी समोरचा लोखंडी जिना चढले. हिलालबाबांचा मुलगा हेमराज रिक्षा चालवतो. तो नुकताच जेवायला आला होता. मी म्हटलं, "हेमराजभाऊ, बाबांना दिसत नाही."

"काहीतरीच काय वहिनी! सगळं घर फिरतात भिंत धरून. टीव्ही बघतात."

मी उठले आणि हिलालबाबांसमोरचा चालू टीव्ही बंद केला. हिलालबाबा तसेच टीव्हीकडे तोंड करून बसून राहिले. हेमराजचा घास हातातच राहिला. घरच्यांना वाटत होतं म्हातारा आताशा घुम्या झालाय, वयानं मन उडालंय. तो रडवेला झाला. मी त्याला म्हटलं, "रडू नका, आमच्याकडे बाहुलीचे सेल गेले तेव्हा आम्हाला कळलं." तो माझ्याकडे बघतच राहिला. समजावून सांगण्यात अर्थ नव्हता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पूर्ण पिकलेला. ट्रस्टच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आधी एका डोळ्याचं करू, काळजीचं काही नाही. पण हिलालबाबांनी साफ नकार दिला. हेमराज पाया पडला, त्याची बायको रुसून बसली, तरी नाही. मला त्यांनीच कारण सांगितलं. कानांनी अधू माणसं फार मोठ्यानं तरी बोलतात नाहीतर अगदी हळू. हिलालबाबा हळू बोलतात.

"आते जरासं दिखस," ते म्हणाले. "ते बी गयं तं सुपडूसंगे कसा बोलसू?"

कान गेलेच आहेत. डोळा बिघडला तर सगळीच दारं बंद. त्यांच्या जागी मी असते तर मीही तयार झाले नसते. आणि तसंच सोडलं असतं तर सहा महिन्यांत ते जरासं दिसणंही गेलं असतं, हे डॉक्टर सांगून बसले होते. घरी येऊन मी हे सगळं आप्पांना ओरडून सांगितलं. आमच्या ओरडण्यामुळे ते अर्ध्या गल्लीलाही कळलं. आप्पांनी चेहरा दोन्ही हातांनी पुसला. रोज सातची ती दहा मिनिटं नसतील तर आपलं काय राहील, हे त्यांच्या मनात आलं असणार. माझ्या तरी आलं.

समजवायचं काम मग त्यांच्याकडेच आलं. तीन संध्याकाळी ते चाललं. मी मशीन बंद ठेवून बघत बसायचे, सरलाबाई शेजारी मेथी निवडत मला अर्थ सांगायच्या. लूमच्या भाषेत ऑपरेशनला खूण नाही. भीतीलाही नाही. डॉक्टरलाही नाही. आप्पांकडे होत्या त्या इतक्याच. त्यांनी स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं आणि कातर उघडली: धागा तुटला. मूठ तळहातावर: लूम थांबव. मिशीला पीळ: मास्तरला बोलव. हिलालबाबांनी मान हलवली. आप्पांनी पुन्हा सुरुवातीपासून. तोच क्रम, त्याच खुणा, बारा मेणबत्त्यांच्या उजेडात, न कंटाळता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शेवटाला त्यांनी आणखी एक खूण जोडली. छातीवर बोट, मग जमिनीकडे. मी उभा आहे, तू जा.

मग हिलालबाबांनी दोन्ही तळहात वर केले आणि आप्पांच्या दिशेनं पुढे केले, कुणाला काही सोपवावं तसे.

"बरं म्हने," सरलाबाई म्हणाल्या आणि डोळे पुसले. मीही पुसले. मेथी तशीच राहिली.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. सकाळी आठला हेमराजनं वडिलांना पाठीवर घेतलं आणि जिना उतरून रिक्षात बसवलं. आप्पा मधल्या खिडकीत उभे होते. लख्ख उन्हात त्यांनी बाराही मेणबत्त्या पेटवून ठेवल्या होत्या. खाली रिक्षा वळताना हिलालबाबांनी मान बाहेर काढून वर पाहिलं. त्यांना मेणबत्त्यांचा उजेड दिसला असेल की नाही कुणास ठाऊक.

रिक्षा गेली. मी मशीनवर बसले. नऊ वाजले, दहा वाजले, आप्पा खिडकीतच. चहा त्यांनी उभ्यानं घेतला. दुपारी भाकरीची गुंडाळी हातात घेऊन उभ्यानं खाल्ली. खुर्ची ठेवली, तर ती पायानं मागे सारली. मला वाटलं, काळजीनं बसवत नसेल. काळजी मलाही होती. दोनदा झालर उलटी शिवली आणि उसवली.

पाच वाजता हेमराजचा फोन आला. "वहिनी, एकदम सरस झालं! सकाळी साखर वाढलेली होती म्हणून तीनला केलं. आता रात्रभर ठेवून घेतायत, उद्या दहाला पट्टी काढून सोडतील." मी आनंदानं उडीच मारली. पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचाही जीव टांगणीला नको. डोळा छान झाला. आता त्यांचं चार मेणबत्त्यांत भागतं आणि आठ मला परत मिळाल्या आहेत. पण त्या संध्याकाळी हे कुणाला माहीत होतं?

मी आप्पांच्या कानाशी ओरडले, "ऑपरेशन चांगलं झालं! आज तिथेच ठेवतायत! उद्या येणार!"

"चांगलं व्हयनं," आप्पा म्हणाले. चेहरा फुलला. पण ते हलले नाहीत.

"मग बसा आता!"

"तो आजून उना नही."

"उद्या येणार, आप्पा! उद्या!"

"हां. मी उभा शे."

मी कपाळावर हात मारला. नवरा मार्केटातून नऊशिवाय येत नाही. सहा वाजले, सात वाजत आले. बाहेर अंधार झाला. आप्पांनी दोन्ही हातांनी गज धरले होते आणि त्यांचे पाय धोतराआड थरथरताना दिसत होते. अकरा तास झाले होते. मी चिडले, विनवलं, मुलीला पुढे केलं. तिनं "आजोबा, चलो ने," म्हणून धोतर ओढलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा गज धरला.

"आई, तुम्ही तरी सांगा ना!" मी रडकुंडीला आले.

सरलाबाई आपल्या जागी शांत बसल्या होत्या. "मी सांगीसन काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "त्यानी शब्द देयेल शे. जोडीदार ऊना बिगर लूम सोडता येस नही. जोडीदार येस, मांगून खांदावर दोनदाव हात मारस, तवय पहिला हटस. मालक सांगो नही तं देव सांगो, तो हटाव नही. हेमराज जलमना तवय हिलाल भाऊ गावले व्हता. गाडी चुकनी त्यानी. ह्या बाबानी तवय रात बी काढी, दिवस बी काढा, आनि पुढली रात बी. लूम बंद पडू दिन्हा नही."

मी आप्पांच्या पाठीकडे बघितलं. बनियनचा मागचा भाग घामानं चिकटला होता. थंडीचे दिवस आणि माणूस घामानं भिजलेला. मला एकदम फार माया आली. आणि रागही आला, त्यांचा नव्हे, स्वतःचाच. संध्याकाळपासून मी या माणसाला बसा बसा म्हणून ओरडत होते. कामावरच्या माणसाला बसा म्हणून काय उपयोग? त्याला बदली माणूस लागतो.

मी मशीन बंद केलं. हातांना लागलेले दोरे झटकले. साडीचा पदर कमरेला खोचला आणि आप्पांच्या मागे जाऊन उभी राहिले. सुनेनं सासऱ्याच्या खांद्याला हात लावायचा म्हणजे आमच्याकडे जरा धाडसच. डोक्यावरचा पदर केव्हाच सुटलाय, पण हात अजून लागला नव्हता. मी सरलाबाईंकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली नाही आणि नको म्हणूनही सांगितलं नाही. मी आप्पांच्या खांद्यावर हात मारला. एकदा. आणि पुन्हा एकदा.

आप्पा वळले. कुणीतरी पुरुषमाणूस असणार, या खात्रीनं वळले असावेत, कारण मला बघून त्यांचा चेहरा गोंधळला. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी पाय जरा फाकवून, घट्ट रोवून उभी होते. मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं आता रागावतील. ही काय थट्टा करायची गोष्ट आहे का, असं म्हणतील. मी नजर खाली केली नाही.

त्यांनी एक पाऊल बाजूला टाकलं. मी त्यांच्या जागी सरकले आणि गज धरला. तो त्यांच्या हातांनी गरम झाला होता. मग ते मला काम समजावून देऊ लागले. तोंडानं नाही, हातांनी. बाराही मेणबत्त्या एकेक करून दाखवल्या: ही चालू, ही चालू, ही चालू. आठव्या आणि नवव्या मेणबत्तीपाशी बोट थांबलं. त्यांचा उजेड मंद झाला होता, लक्ष ठेव. समोरच्या बंद खिडकीकडे बोट केलं आणि बराच वेळ तसंच धरलं. मी मान डोलावली. तेव्हा कुठे त्यांनी पाठ फिरवली आणि सरलाबाईंचा खांदा धरून खाली बसले. गुडघे दुमडताना तोंडातून आवाज निघाला, दिवसभरात पहिल्यांदाच.

मी उभी राहिले. सुरुवातीला गंमत वाटली. खाली दुकानवाल्या काकी थांबून वर बघत होत्या. मी हसले नाही. वीस मिनिटांत पोटऱ्या भरून आल्या. अर्ध्या तासानं टाचा दुखायला लागल्या. मागे ताटाचा आवाज येत होता, सरलाबाई आप्पांना गरम भाकरी वाढत होत्या, मुलगी त्यांच्या पायांना तेल चोळत होती. आठवी मेणबत्ती विझली. मी रिमोटमधले सेल मागवून घेतले आणि तिच्यात घातले. छत्तीस वर्षं, मी मनात म्हणत होते, रोज बारा तास. आणि मी घरात आल्यापासून रोज संध्याकाळी या माणसाला सांगत आलेय की आप्पा, दिवसभर बसूनच तर असता, जरा हिंडा.

साडेआठच्या सुमाराला माझ्या खांद्यावर हात पडला. दोनदा.

मी वळले. आप्पा उभे होते. तोंड धुतलेलं, बनियन बदललेलं, पायांना तेल. ते सरळ समोरच्या खिडकीकडे बघणार असं मला वाटलं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मग, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, कामापलीकडचं काही ते माझ्याशी आपल्या हातांच्या भाषेत बोलले. हात पोटावर ठेवला आणि भुवया वर केल्या. जेवलीस का?

मी मान हलवली, नाही. त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं आणि गज हातात घेतला. मी जेवायला गेले.